रोज नामजप किंवा भजन केल्याने तब्येतीला आणि मनाला खरंच फायदा होतो का? कोणता मंत्र चांगला? आजारी आईसाठी नामजपाचं मशीन घ्यावं का?

फायदा होतो, पण स्वतःच्या गळ्यातून आवाज काढला तर. मशीनचं म्हणाल तर माझं स्पष्ट मत आहे, घेऊ नका. तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले.

माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं कळत होतं. कोण भेटायला आलंय, कुणाच्या रानात पाणी चालू आहे, सगळं. पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "आता". तहान लागली तरी "आता", कूस बदलायची असली तरी "आता". भलतंच बोलून गेलो हेही त्यांना समजायचं, मग डोळे भरून यायचे आणि ते भिंतीकडे तोंड करून पडायचे.

आमचं गाव फलटण तालुक्यात, माउलींच्या पालखीच्या वाटेवर. आप्पा मिसरूड फुटल्यापासून भजनी मंडळात टाळकरी. एका एकादशीला मंडळातले तात्या भेटायला आले. समोरचा माणूस बोलू शकत नाही, तर बसून करायचं काय, म्हणून त्यांनी पिशवीतून टाळ काढले आणि हळू आवाजात अभंग धरला. ध्रुवपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा आप्पांचा डावा हात खाटेच्या लोखंडी नळीवर ठेका धरायला लागला. पुढचा चरण संपला आणि ध्रुवपद आप्पांनी उचललं. शब्द थोडे जड येत होते, पण एकही गळला नाही. आई हातातली पळी तशीच घेऊन दारात येऊन उभी राहिली. अभंग संपल्यावर तात्यांनी विचारलं, "चहा घेणार का रे?" आप्पा म्हणाले, "आता."

गावात याला लगेच चमत्कार म्हणाले. साताऱ्याच्या स्पीच थेरपिस्ट मॅडमना आम्ही हे सांगितलं, तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. बोलण्याची जुळवाजुळव बहुतेक माणसांत मेंदूच्या डाव्या बाजूला होते. सुरात मात्र उजव्या बाजूचाही मोठा वाटा असतो, आणि वर्षानुवर्षं घोटलेलं पाठांतर नव्याने वाक्य जुळवण्यापेक्षा वेगळ्या वाटेने बाहेर येतं. म्हणून वाचा गेलेली माणसं कधी कधी आख्खं गाणं म्हणतात. १९७३ साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी यावरून उपचाराची पद्धतच बसवली, मेलोडिक इंटोनेशन थेरपी. रोजच्या गरजेचे चार शब्द घ्यायचे, ते वरच्या आणि खालच्या अशा दोन सुरांत म्हणायचे, प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हाताने ठोका द्यायचा. आधी शिकवणाऱ्याने बरोबर म्हणायचं, मग हळूहळू आपला आवाज काढून घ्यायचा, आणि सरतेशेवटी चाल सोडवत साध्या बोलण्यावर यायचं.

आम्ही "पाणी दे" पासून सुरुवात केली. मी त्यांचा डावा हात धरून मांडीवर ठोका द्यायचे, पा-णी-दे. रोज सकाळी आंघोळ झाली की, आणि संध्याकाळी हरिपाठाच्या वेळी. ज्या दिवशी त्यांनी मी न म्हणता, आपणहून, भजनाच्या थाटात "चहा दे" म्हटलं, त्या दिवशी घरात सगळ्यांनी दोनदा चहा घेतला.

याच दिवसांत दादा पुण्याहून ते मशीन घेऊन आला. साबणाच्या वडीएवढी डबी, भिंतीत खोचली की अहोरात्र जप चालू. दादाचं म्हणणं, आप्पांच्या कानावर अखंड नाम पडलं पाहिजे, आणि "तू त्यांना उगाच दमवतेस". बाप आजारी पडल्यावर लांब राहणाऱ्या मुलाला काहीतरी आणावंसं वाटतं, ते मला कळतं. पण आप्पांना रात्री झोप लागेना. ते डाव्या हाताने सारखे प्लगकडे बोट दाखवायचे, आणि दादा म्हणायचा, "बघ, त्यांना आवडतंय." शिवाय मशीनचा एक ठरलेला वेग. आप्पा ठेका धरायला जायचे, तोवर ते पुढे निघून गेलेलं असायचं. शेवटी मीच ते काढून देवघरात ठेवलं. आप्पा आज मोडकं का होईना बोलतात, आणि वहिनी अजून दर दिवाळीला पाहुण्यांना सांगतात की मशीनमुळे वाचा आली. नाही आली. एक माणूस शेजारी बसून, त्यांच्या श्वासाला थांबत, त्यांच्याबरोबर म्हणत होता, म्हणून आली.

आता तुमचा मंत्राचा प्रश्न. शरीरापुरतं विचाराल तर कोणताही चालतो. २००१ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांकडून एकदा लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ आणि एकदा 'ओम मणि पद्मे ओम' म्हणून घेतलं. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाबाचे चढउतार सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर झाली. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. ओळ म्हणताना श्वास आखूड घेऊन लांबवर सोडावा लागतो, हृदयाची गती जरा उतरते, सगळी गंमत तिथे आहे. म्हणून भरभर, आकडा गाठायचा म्हणून केलेल्या जपाचं मला फारसं कौतुक नाही. मंत्र तुमच्या घरातला, आईच्या जिभेवर आधीपासून असलेला घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या 'अमुक आजारावर अमुक बीजमंत्र' या याद्या सोडून द्या.

मनाचं म्हणाल तर एकट्याने गाण्यापेक्षा चौघांत गाणं मला फार मोठं वाटतं. २०१३ साली स्वीडनमध्ये एकत्र गाणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते एकाच वेळी चढत-उतरत होते, कारण श्वास सगळे एकाच जागी घेत होते. आमच्या बायकांच्या भजनी मंडळात हे कुणी मोजलेलं नाही, पण गवळण सुरू झाली की खोलीत काय होतं ते मला ठाऊक आहे. सासूच्या वर्षश्राद्धानंतर तोंड न उघडलेली एक बाई आमच्यात नुसती येऊन बसायची. पुढे झांज घेतली, मग कोरस, आणि आता आलाप लांबवते म्हणून आम्हीच तिला आवरतो.

ऐकण्याने काहीच होत नाही असं मात्र मी म्हणत नाही. फिनलंडमध्ये लकवा झालेल्यांना रोज संगीत ऐकवलं, तेव्हा त्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि मनःस्थिती जास्त सुधारली, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालंय. पण ती माणसं स्वतःच्या आवडीचं निवडून ऐकत होती. दादाला मी हेच सांगत होते.

आणखी थोडं. वर सांगितलेली पद्धत ज्यांना समोरच्याचं समजतं पण बोलता येत नाही, त्यांच्यासाठी आहे. समजच गेली असेल तर तिचा उपयोग कमी, आणि प्रत्येकाला सारखा गुण येतोच असं नाही, म्हणून थेरपिस्टला दाखवूनच सुरू करा. वर दिलेले इटलीचे आणि स्वीडनचे प्रयोग थोड्या माणसांवरचे आहेत. बीपीची गोळी भजनामुळे बंद करू नका. आईला दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, तर जोर लावून वरच्या पट्टीत गाऊ देऊ नका. उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर डॉक्टर गाठा, मंडळ त्यानंतर.

आणि कुणाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, हात लुळा पडला किंवा बोलणं बोबडं झालं तर अंगारा, जप, मालिश यात एक मिनिट घालवू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. म्हणून १०८ ला फोन लावा आणि जिथे स्कॅनची सोय आहे अशाच हॉस्पिटलात थेट न्या.