सोडलं, पण कशातून?

सांगली

चि. स अनेक आशीर्वाद.

भाषांतराचे कागद वाचले. हात चांगला आहे, पण मराठीतून इंग्रजीत जाताना जिथे तिथे ‘रिलीज’ घातलंयस. आपण धरणाचं पाणी सोडतो, गुरं सोडतो, आरोपीला सोडतो, संकष्टीचा उपासही सोडतो; कुठे अडत नाही. इंग्रजीत आधी विचारावं लागतं, धरून कोणी ठेवलं होतं आणि कशाच्या जोरावर?

कोर्टाच्या कागदांत तर डोळ्यांत तेल घालून बघ. आरोपनिश्चितीआधीच, खटला चालवण्याइतकं काही हाती नाही म्हणून सोडलं, तर ‘डिस्चार्ज’. खटला चालून गुन्हा शाबीत झाला नाही, तर ‘अ‍ॅक्विट’. अ‍ॅक्विटचा निकाल कायम असेतो त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही. डिस्चार्ज झालेल्याला मात्र नवा पुरावा निघाला तर पुन्हा उभं राहावं लागू शकतं. म्हणून डिस्चार्जला ‘निर्दोष मुक्तता’ लिहू नकोस, वर्तमानपत्रं खुशाल लिहोत. कैद्याला काही दिवस तुरुंगाबाहेर सोडतात त्या रजा दोन: संचित रजा म्हणजे फर्लो, अभिवचन रजा म्हणजे पॅरोल. राज्याच्या १९५९ च्या नियमांनुसार फर्लोचे दिवस शिक्षेत धरतात, पॅरोलचे नाहीत. कैद्याच्या घरच्यांना हा फरक तोंडपाठ असतो, भाषांतरकारांना नसतो.

‘इमॅन्सिपेट’ हा भारदस्त शब्द तुला आवडलेला दिसतो. मूळचा तो रोमन कायद्यातला, बापाच्या सत्तेतून मुलाला मोकळं करण्याचा. पुढे गुलामांच्या मुक्ततेला चिकटला. लिंकनची घोषणा १ जानेवारी १८६३ ची. दावं सोडलेल्या म्हशीला तो लावलास, तिथे मी मनसोक्त हसलो. नोकरीतून ‘लेट गो’ केलं म्हणजे सरळ नारळ दिला.

कोयनेच्या पायथा विद्युतगृहातून पाणी सोडलं, ही कृती ‘रिलीज’; २१०० क्युसेक हा विसर्ग, तो ‘डिस्चार्ज’. आणि २४ जुलै १९४३ ला वसंतदादा सांगलीच्या तुरुंगातून बाहेर पडले ते कुणी सोडलं म्हणून नव्हे, तुरुंग फोडून. तिथे ‘एस्केप’ लिही.

सुटकेच्या आदेशातलं शेवटचं वाक्य अर्धवट ठेवू नकोस. ‘तात्काळ सोडावे’ एवढंच नसतं, ‘अन्य गुन्ह्यात आवश्यक नसल्यास’ ही अट त्याला जोडलेली असते. तू दोन ठिकाणी ती गाळली आहेस. दुरुस्त करून कागद परत पाठव.