'प्रभाववाद' लिहू नका

प्रश्न असा आला आहे : 'शाळेतल्या मुलांसाठी मोने, रन्वार वगैरे चित्रकारांवर लेख लिहितो आहे. त्यांच्या इम्प्रेशनिझम या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रशैलीला मराठीत प्रभाववाद म्हणावं की दृक्प्रत्ययवाद? आणि आणखी कोणते चित्रकार घ्यावेत?'

'प्रभाववाद' कृपा करून लिहू नका. हिंदीत तो शब्द रुळला आहे, तिथे खुशाल राहो. मराठीत प्रभाव पडतो तो गुरूचा शिष्यावर, नाहीतर वजनदार माणसाचा चारचौघांवर. 'प्रभाववादी चित्रकार' म्हटलं की दुसऱ्या कुणाच्या तरी वळणानं चित्रं काढणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. 'प्रभाववादावर जपानी चित्रांचा प्रभाव पडला' हे वाक्य मी एका व्याख्यानात ऐकलंय. समोर बसलेल्या मुलांनी त्यातून काय समजून घ्यायचं?

यावर 'प्रभा म्हणजे प्रकाश, हे लोक प्रकाश रंगवायचे, म्हणून प्रभाववादच बरोबर' असंही सांगतात. साफ चूक. प्रभा आली 'भा' धातूपासून, चकाकणे. प्रभाव आला 'भू'पासून, होणे. प्रभू आणि प्रभाव ही सख्खी भावंडं, त्यांचा उजेडाशी संबंध नाही.

आता मूळ शब्दाकडे या, खरी गंमत तिथे आहे. लॅटिनमध्ये 'प्रेमेरे' म्हणजे दाबणे. प्रेस, प्रेशर त्यातलेच. एक्स्प्रेशन म्हणजे आतलं दाबून बाहेर काढणं, इम्प्रेशन म्हणजे वरून दाबून आत उमटवणं, मेणावर मोहोर उमटते तसं. मराठीत याला तंतोतंत जुळणारे शब्द आहेत, ठसा आणि छाप. आपणही छापखाना आणि मनावरची छाप एकाच शब्दात बसवतो. फ्रेंच कारागिराच्या तोंडी 'इम्प्रेशन' म्हणजे छपाई. आणि रंगाऱ्याच्या तोंडी? कॅनव्हासवर चित्राआधी देतात तो पहिला हात, अस्तर!

हे लक्षात ठेवून १८७४चा एप्रिल पाहा. पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत १५ तारखेला मोने आणि त्याच्या सोबत्यांचं पहिलं प्रदर्शन उघडलं. ल आव्र बंदरातल्या पहाटेचं मोनेचं चित्र होतं, १८७२चं. कॅटलॉगसाठी नाव विचारलं तेव्हा, याला ल आव्रचा देखावा म्हणता येणार नाही म्हणून, मोने म्हणाला, 'इम्प्रेशन' लिहा. २५ एप्रिलला 'ल शारिवारी' या विनोदी वृत्तपत्रात लुई लरुआ या टीकाकारानं त्यावरून सगळ्या टोळीलाच 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून टाकलं. त्याच्या लेखातलं पात्र म्हणतं, मी इम्प्रेस झालो म्हणजे यात इम्प्रेशन असणारच. अभ्यासक या कोटीपाशी थांबतात आणि मनावरच्या परिणामाचा अर्थ घेऊन मोकळे होतात. पण लगेच पुढे काय येतं? भिंतीला चिकटवायचा कागद अगदी कच्च्या अवस्थेतही या सागरचित्रापेक्षा पुरा झालेला असतो! भिंतीचा कागदच का आठवला? कारण तो छापतात. आणि लरुआ स्वतः मुद्राचित्रकार होता, ठसे घेणं हा त्याचा धंदा. माझं ठाम मत आहे की त्याच्या कानाला 'इम्प्रेशन' हा छापखान्यातलाच शब्द लागला, आणि टोमणा दुहेरी होता : तुमचं चित्र म्हणजे अर्धवट छपाई, नुसतं अस्तर. मला कुठल्याही कलेतिहासात हे सापडलेलं नाही, तरी मी यावरून हटणार नाही. मोनेनं पुढे जपानी मुद्राचित्रं जमवली, २००हून अधिक. तीही लाकडी ठशांचीच. आणि अस्तर म्हणाल, तर जुन्या घराण्यातल्या तपकिरी अस्तराऐवजी या मंडळींनी फिकं, पांढरट अस्तर पसंत केलं. त्यांच्या रंगांची झळाळी निम्मी तिथूनच येते.

'दृक्प्रत्ययवाद' हा मराठी विश्वकोशाचा शब्द. प्रभाववादापेक्षा कितीतरी सरस, पण मला पुरता पटत नाही. मराठीत प्रत्यय येतो तो आधी ऐकलेल्या गोष्टीचा. 'त्यांच्या विद्वत्तेचा प्रत्यय आला' म्हणजे खात्री पटली. इम्प्रेशन तर खात्रीच्या आधीचं : ही बोट आहे, हा धूर आहे हे कळण्यापूर्वी डोळ्यांवर पडलेला रंग. कास्तान्यारी या समीक्षकानं १८७४च्या २९ एप्रिललाच लिहिलं होतं की हे लोक निसर्गदृश्य नव्हे, त्यातून उठणारी संवेदना रंगवतात. विश्वकोशाच्या संपादकांनी हे मनावर घ्यायला हवं होतं. आणि 'वाद' कसला? जाहीरनामा नाही, सिद्धान्त नाही. त्यांच्यातल्याच देगा या चित्रकाराला तर हे नावच नको होतं.

ठसा शब्दावर माझा जीव आहे, पण 'ठसठशीत' आड येतो. ठसठशीत म्हणजे रेखीव, उठावदार, आणि इथे तर कडाच विरघळलेल्या. 'उमटणे' हे क्रियापद मात्र अचूक बसतं. मोनेच्या पाण्यावर तो नारिंगी सूर्य काढलेला वाटत नाही, उमटलेला वाटतो.

चित्रकारांचं विचारलंत. पिसारो घ्याच, १८७४ ते १८८६मधल्या आठही प्रदर्शनांत चित्रं मांडणारा तो एकटा. बेर्त मोरिझो विसरू नका, ती पहिल्यापासून होती. सिस्ले घ्या, मेरी कसाट घ्या. माने त्यांचा मित्र, पण या प्रदर्शनांत तो कधीच उतरला नाही, तेव्हा मोने-माने घोळ घालू नका. लेखात सरळ 'इम्प्रेशनिझम' लिहा, दृक्प्रत्ययवाद एकदा कंसात द्या, आणि मुलांना शाईच्या पॅडवर अंगठा दाबून कागदावर उमटवायला सांगा.