आधी गोष्ट, मग पाटी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

दर रविवारी पाड्यावरच्या तीन ते सहा वर्षांच्या मुलांना जमवायचं ठरवलंस, वाचून फार बरं वाटलं. तक्ते, फळा, अंकलिपी अशी यादी पाठवलीस, त्यातलं निम्मं राहू दे.

शाळेची खोली मागत बसू नकोस. कुणाच्या तरी ओटीवर बस. बालशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली पालघरकडच्या बोर्डी गावात बालवाडी काढली, त्यांच्या सहकारी अनुताई वाघ सोबतीला होत्या. पाड्यावरची मुलं तिथे येईनात, तेव्हा त्या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ मध्ये आली, पण अंगणातली ही वाडी तिच्या कितीतरी आधीची.

अंगणात बसलीस की आज्या आपसूक येतील. एकीला गोष्ट सांगायला लाव आणि ती जशी सांगेल तशीच, तिच्याच बोलीत, मोठ्या अक्षरांत लिहून घे. एका पानावर एकच वाक्य. खालची जागा चित्रासाठी मोकळी सोड. मुलं खडूने, गेरूने, कोळशाने हवं ते काढतील. पानं सुतळीने शिवली की झालं पुस्तक.

इथे मी एकदा चुकले, ते सांगते. एका चार वर्षांच्या पोराने काळा गोळा काढला आणि म्हणाला, "म्हस पान्यात बसली." मी खाली लिहिलं, 'म्हैस पाण्यात बसली', आणि तसंच वाचून दाखवलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग कागद तिथेच टाकून निघून गेला. आपण बोललो ते कागदावर उतरतं, हेच त्याला त्या दिवशी कळायचं होतं. नेमकं तेच मी पुसलं. पुढच्या वेळी 'म्हस' लिहिलं. त्याने त्या शब्दावर बोट ठेवलं आणि तो दिवसभर येईल त्याला दाखवत सुटला. प्रमाण भाषा शाळेत येईलच, तिची घाई तू करू नकोस.

आईबाप विचारतील, "लिहायला कधी शिकवणार?" त्यांच्यावर रागावू नकोस, त्यांची तळमळ खरी आहे. पण त्या वयात बहुतेकांच्या बोटांत पेन्सिल धरून अक्षरं काढण्याइतका जोर आलेला नसतो. चिंचोके वेचणं, माती मळणं, रांगोळीचे ठिपके टाकणं यातूनच हात तयार होतो. हे तोंडाने सांगण्यापेक्षा त्यांना एक रविवार सोबत बसव.

आणि पुस्तकं कुलपात ठेवू नकोस. खराब होतील म्हणून कपाटात ठेवलेली कोरी करकरीत पुस्तकं मी इतकी पाहिलीत की अजून जीव तुटतो. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर दोरी बांध, कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तकं लटकव. फाटली तर मुलांनाच खळ लावून चिकटवू दे. घरीही नेऊ दे. ज्या आजीला अक्षर येत नाही, तिचीच गोष्ट नातू पानावर बोट फिरवत तिला 'वाचून' दाखवतो. शब्द पाठ असतात, बोट चुकत असतं, तरी हे वाचनच आहे. तेव्हा मध्ये पडून दुरुस्त करू नकोस.

पहिल्या रविवारी चारच पोरं आली तरी सुरू कर. पहिलं पुस्तक शिवून झालं की इकडे ये, आणि वाचून दाखवायला त्यातलं एखादं पोर सोबत आण.

तुझी,
मावशी