हुरड्याचा पैसा गावात राहतो का?

प्रश्न : मंगळवेढ्याजवळ आमची चार एकर काळी रानं आहेत. गेल्या हिवाळ्यात सोलापूरहून ओळखीची माणसं हुरड्याला आली, खूश होऊन गेली. आता मिस्टर आणि भाऊजी आठ लाखांचं कर्ज काढून चार खोल्या आणि पोहण्याचा हौद बांधायचं म्हणतात. मला धाकधूक वाटते. काय करावं?

उत्तर : ताई, तुमची धाकधूक रास्त आहे. हुरडा असतो जेमतेम दीड महिना, हप्ता मात्र बारा महिने भरावा लागतो. मी पंढरपुरात वाढले. आषाढीला वाड्यातल्या दोन खोल्या वारकऱ्यांना देऊन आम्ही सगळे माजघरात झोपायचो. त्या पैशांतून वह्या-पुस्तकं यायची. पौर्णिमेला गोपाळकाला झाला की गल्ली ओस पडायची, आणि बुक्का-कुंकवाचे दुकानदार कार्तिकीकडे डोळे लावून बसायचे. त्या भरवशावर कर्ज काढायची वडिलांची कधी छाती झाली नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. चाळीस माणसं आली, माणशी ५०० घेतले, तर २०,००० रुपये दिसतात. पण आचारी, फरसाण, पाण्याच्या बाटल्या, मंडप सगळं शहरातून आणलं, तर त्यातले बरेचसे संध्याकाळी पाहुण्यांच्या मागोमाग शहरात परत जातात. मी गेल्या वर्षी असं एक ठिकाण पाहिलं. कणसं तेवढी त्यांच्या रानातली होती.

तुम्ही हुरड्यासाठीच्या गूळभेंडी ज्वारीच्या चार ओळी लावा. गोवऱ्या शेजारणीकडून विकत घ्या, भाकरी गल्लीतल्या बायकांकडून करून घ्या आणि त्यांचे पैसे त्याच संध्याकाळी हातावर ठेवा. आगटीतलं कणीस एखाद्या आजींनी तळहातावर चोळावं, फुंकर मारावी आणि हिरवे गरम दाणे पाहुण्याच्या ओंजळीत टाकावेत. माणसं येतात ती यासाठी. पावसाच्या ओलीवर पिकणाऱ्या रानात हौद भरायला टँकर आणणं मला अजिबात पटत नाही. खर्च करायचाच असेल तर दोन स्वच्छ संडास बांधा, पाण्याचा नळ आणि नीट कडी लागणारं दार असलेले. बायका परत येतील की नाही, ते त्यावरच ठरतं.

आणि एक वही ठेवा, आलेल्या प्रत्येक घराचा फोन नंबर लिहून घ्या. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. उन्हाळ्यात लोक वर्षाची ज्वारी भरतात, तेव्हा याच घरांना फोन करा. सोबत बचत गटाची शेंगा चटणी द्या. हुरड्याला एकदा आलेलं घर असं वर्षाचं गिऱ्हाईक होतं.

राज्याचं २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. ती जरूर करा. खोल्यांचं दोन हंगामांनंतर बघू. तोवर गावाबाहेर गेलेला प्रत्येक रुपया भाऊजींना त्याच वहीत वेगळा लिहायला सांगा, आणि ते पान मला पाठवा.