'रोमँटिक पोर्ट्रेट'ला प्रणयरम्य व्यक्तिचित्र म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की चित्रकार हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या चित्रावर मराठीत लिहिताना 'रोमँटिक पोर्ट्रेट'ला 'प्रणयरम्य व्यक्तिचित्र' म्हटलं तर चालेल का. मला विचाराल तर नका म्हणू. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हे चित्र (पुष्कळ लोक ते रविवर्म्याचं तैलचित्र समजतात, आहे जलरंगातलं आणि सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं) नीट बघा, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा, बोटांच्या कडांतून लालसर उजेड झिरपतोय, आता यात प्रणय कुठंय? मॉडेल म्हणून तर त्यांची स्वतःची मुलगीच उभी होती!

घोळ 'रोमँटिक' या शब्दाचा आहे. मुळात जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमान्स' म्हणजे लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत सांगितलेली गोष्ट, शूरवीर, जादू, साहस वगैरे, प्रेमाचा अर्थ त्याला नंतर चिकटला. कलेतल्या रोमँटिसिझमला आपल्याकडे 'स्वच्छंदतावाद' म्हणतात, पण तोही इथे जड होतो, आणि हळदणकर काही त्या युरोपातल्या चळवळीतले नव्हेत. गंमत म्हणजे संस्कृतात 'प्रणय'चा अर्थही नुसता शृंगार नाही, स्नेह, विश्वास, लाडाची विनंती असंही त्यात येतं, 'अनुनय' त्याच 'नी' धातूचा. पण आजच्या मराठीत प्रणय म्हटलं की वाचकाला सिनेमातली बागच दिसणार, त्याला इलाज नाही. मी सरळ 'भावरम्य' लिहीन.

आता 'पोर्ट्रेट'. 'तसबीर' म्हटलं की भिंतीवरची, हार घातलेली. 'शबीह' सुंदर शब्द आहे, अरबीतून फारसीमार्गे आलेला, पण त्यात हुबेहूबपणावर भर, अमुक माणूस ओळखू आला पाहिजे. इथे ती मुलगी कोण हे कळलं नाही तरी चित्राचं काही बिघडत नाही, कारण चित्र तिच्यापेक्षा उजेडाचं आहे, आणि पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे कागदाचा राखलेला पांढरेपणा, तो एकदा गेला की गेला. त्यामुळे 'व्यक्तिचित्र'सुद्धा मला थोडं अपुरंच वाटतं, शिवाय ते लेखातलं की रंगातलं हा गोंधळ वेगळाच. 'दिवा घेतलेल्या स्त्रीचं भावरम्य चित्र' लिहा ना, काय हरकत आहे.

आणि 'व्यक्तिचित्र' लिहायचंच असेल तर 'क्ति' ऱ्हस्व, तुमच्या प्रश्नात दीर्घ पडलाय.