कॅम्परच्या संडासाची टाकी कुठे आणि कशी रिकामी करायची?

प्रश्न: आम्ही दोघा भावांनी जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचा कॅम्पर बनवून घेतलाय, खाली दोन टाक्या आहेत, एक संडासाची आणि एक सिंक-आंघोळीच्या पाण्याची. दापोलीला काकांच्या वाडीत गाडी लावून राहतो, सगळं मांडलेलं असतं त्यामुळे टाकी भरली म्हणून गाडी हलवायची जीवावर येतं. परदेशात चाकांची पोर्टेबल टाकी मिळते, ती घ्यावी का? आणि मुंबईत परतल्यावर सोसायटीच्या गटारात ओतलं तर चालेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर: टाकी जरूर घ्या, पण मोठीच्या मोहात पडू नका. एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो, त्यामुळे १०० लिटरची टाकी भरली की शंभर किलोच्या वर जाते आणि वाडीतल्या उताराच्या जांभ्याच्या पायवाटेवर ती दोघांना पण आवरणार नाही. ५०-६० लिटरची घ्या, एक खेप जास्त झाली तरी चालेल.

उतरवताना पोर्टेबल टाकी गाडीच्या आउटलेटपेक्षा खाली हवी, कारण इथे पंप नाही, सगळं उतारानेच वाहतं. तिचं हवेचं झाकण उघडं ठेवा, नाहीतर आतली हवा अडकते आणि मैला उलटा उसळतो. आधी संडासाचा व्हॉल्व उघडायचा, मग सिंकचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाईप धुऊन निघतो, पण त्यासाठी पोर्टेबल टाकीत जागा राखून ठेवावी लागते आणि इथेच बहुतेक जण फसतात, काटा फुलवर येईपर्यंत थांबतात आणि मग पाईपमधलं जायला जागाच उरत नाही. तीन इंची, तीन मीटरच्या भरलेल्या पाईपमध्ये १३-१४ लिटर असतं! म्हणून व्हॉल्व आधीच बंद करा. एरवी संडासाचा व्हॉल्व कायम बंदच ठेवायचा, उघडा ठेवला तर पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी साचून दगड होतो. हातमोजे तर हवेतच.

वाडीत ओतायचं ते काकांच्या घरच्या संडासात किंवा सेप्टिक टँकच्या चेंबरमध्ये, माडाच्या आळ्यात किंवा खड्ड्यात अजिबात नाही, कोकणात विहिरीचंच पाणी पितात लोक. आणि टाकीत फॉर्मल्डिहाइडवालं केमिकल किंवा ब्लीच टाकत असाल तर बंद करा, सेप्टिक टँकमधले मैला पचवणारे जीवाणू त्याने मरतात.

आता सोसायटीचं. पावसाळी गटारात नाही म्हणजे नाही, ते पाणी प्रक्रिया न होता नाल्याने खाडीत जातं, तुमच्याकडून म्हणजे ठाण्याच्या खाडीत जिथे फ्लेमिंगो येतात. घरच्या कमोडमध्ये थोडं थोडं ओतून फ्लश करा, किंवा कमिटीला विचारून मलनिःसारणाच्या चेंबरमध्ये, पावसाळी चेंबर त्याच्या शेजारीच असू शकतं त्यामुळे प्लंबरकडून एकदा खात्री करून घ्या.

आणि हे मनापासून सांगते, शंभर-दोनशे रुपये देऊन हे काम सोसायटीच्या सफाईवाल्या दादांवर टाकू नका. माणसाला हाताने मैला उचलायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी आपला मैला आपणच नेऊन ओतायचा. झाकण उघडताना तोंड लांब ठेवा, उन्हात राहिलेल्या टाकीत गॅसचं प्रेशर असतं. रिकामी झाली की दोन-तीनदा खळखळून धुवा आणि ते पाणीही त्याच कमोडमध्ये टाका.