"ना मेडल, ना बढती, मग एवढं कशासाठी पळता?"

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. बँकेची नोकरी, पहाटे चारचा गजर, नागपुरातल्या मानेवाड्याहून निघून रिंग रोडवर एकट्याने पळणं, दुखरी नडगी आणि घरच्यांचा हा शीर्षकातला प्रश्न. काही वर्षांपूर्वी माझ्याही घरी अगदी हेच चालू होतं, म्हणून लिहायला बसलो. बूट, वॉर्म-अप, आठवड्याचं वेळापत्रक हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

आधी नडगी. मी डॉक्टर नाही, तपासून घ्याच. पण दुखणं नडगीभर पसरलेलं नसून बोटाने दाबल्यावर एकाच जागी कळ येत असेल, रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर पळणं आजच थांबवा. हाडाला बारीक चीर गेली असली तर सुरुवातीच्या एक्स-रेत ती बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसते. "एक्स-रे नॉर्मल आहे" एवढ्या भरवशावर पुन्हा सुरू करू नका.

आता घरच्यांचा प्रश्न. कामावर कितीही राबा, बढती दुसऱ्याच्या हातात असते. इथे पाच किलोमीटरचा वेळ दोन मिनिटांनी कमी झाला तर ती दोन मिनिटं तुमचीच, कोणी अडवू शकत नाही. पण माझ्या मते तेवढ्याने वर्षानुवर्षं कोणी पहाटे उठत नाही. कॅनडातले समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट स्टेबिन्स यांनी १९८२ मध्ये हौशी लोकांबद्दल मांडणी केली. हौशी माणूस आपल्या छंदातही पायऱ्या चढत जातो, अडचणी आल्या तरी तगून राहतो आणि त्याचा स्वतःचा गोतावळा तयार होतो, असं ते सांगतात. मी म्हणतो, पहिल्या दोन गोष्टी या गोतावळ्यावरच उभ्या असतात. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, जवळपास ४,८०० किलोमीटर, १२ दिवसांच्या मुदतीत सायकलवर गेले. पायडल त्यांनी एकट्याने मारलं, पण मागच्या गाडीत माणसं होतीच.

हे मला पटलं ते एका कार्यालयामुळे. आमचा ग्रुप ज्या मैदानावर पळायचा त्याचं नाव घेत नाही. मुरमाचा ट्रॅक, पायांना सुखाचा. साडेचारला एकमेकांना मिस्ड कॉल द्यायचा, की समोरचा उठला हे कळायचं. एका उन्हाळ्यात गेटवर कागद चिकटला: सकाळी ६ ते ९. नागपुरात मे महिन्यात सूर्य त्याच्या आधीच उगवलेला असतो आणि सातला ऊन अंगाला लागतं. आम्ही अर्ज दिला. बाबूंनी तो उलटून पाहिला, "वेळ वरून ठरते" म्हणाले आणि टेबलावरच्या फायलींखाली सरकवला. पुढच्या वेळी साहेब दौऱ्यावर. त्यानंतर अर्जच सापडेना, नवीन द्या म्हणे. यात अख्खा उन्हाळा गेला. कोणाला एक तास आधी कुलूप उघडायचं नव्हतं, बस्स.

मग जो तो आपल्या घराजवळ पळू लागला. कोणी सेमिनरी हिल्सच्या चढावर, कोणी फुटाळ्याकडे, बाकीचे सिमेंटच्या रस्त्यांवर. माझी नडगी त्या सिमेंटवरच गेली असं मला वाटतं, दुसरी कारणंही असतील. पण हाड भरून आलं. ग्रुप मात्र परत जुळला नाही. आमच्यातली सगळ्यात जोरात पळणारी ताई आधी सुटली, कारण अंधारात तिने एकटीने कुठे पळायचं? याचा राग मला आजही आहे.

म्हणून भाऊ, नवं ट्रेनिंग प्लॅन शोधण्याआधी माणसं शोधा. वेगाने तुमच्यापेक्षा कमी असली तरी चालतील, वेळेवर येणारी हवीत. आणि रविवारी घरच्यांना एकदा सोबत न्या. पळून झाल्यावर लगेच तर्री-पोह्यांवर तुटून पडू नका, उन्हाळ्यात आधी मीठ घातलेलं ताक.

तुमच्याकडेही गेटची वेळ आडवी येत असेल तर तोंडी विनंतीत दिवस घालवू नका. पंधरा-वीस जणांच्या सह्यांचा अर्ज द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. उत्तर आलं नाही तर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारा. ३० दिवसांत उत्तर देणं त्यांना बंधनकारक आहे.